भरतीत उभं राहणारं शेवाळ

निव्वळ समुद्र पाहायला म्हणून अवसरीतून कुणी जात नाही. भीमाशंकरला जातात, ओझर-लेण्याद्रीला जातात, लग्नकार्याला मुंबईला गेलेच तर जाता जाता चौपाटीवर पाय बुडवून येतात. आम्ही तिघं मात्र मुद्दाम समुद्रावर गेलो, तेही शेवाळ आणायला. परतल्यावर ज्याने त्याने विचारलं, "काय पाहिलं?" एका वाक्यात सांगता येईना. म्हणून सगळं लिहूनच काढते.

अवसरी बुद्रुक

तिघं म्हणजे मी, माझे यजमान भानुदास आणि त्यांची ठकूआत्या. नवऱ्याचं नाव घ्यायला आमच्याकडे अजून संकोच वाटतो, पण इथे सारखं 'हे' 'हे' करत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ व्हायचा. तेव्हा नाव घेऊनच लिहिते.

मी मंचरला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवलेला तपकिरी सागरी शेवाळाचा एक नमुना होता. सरगॅसम त्याचं नाव. वर्षानुवर्षं बाटलीत राहून त्याचा रंग उडाला होता, शिजून गार झालेल्या मेथीच्या काडीसारखा तो दिसायचा. या शेवाळाला वायूने भरलेले फुगे असतात, त्यामुळे ते पाण्यात तरंगतं, असं मी दरवर्षी शिकवायचे आणि बाटली फिरवायचे. मुलं बघायची तर फुगे तळाशी गाळ होऊन बसलेले. एका वर्षी एका मुलीने सरळ विचारलं, "मॅडम, तुम्ही तरी ते तरंगताना पाहिलंय का?"

मी पाहिलं नव्हतं. माझं सगळं आयुष्य जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत गेलेलं.

भानुदासांचं कारण निराळं होतं. आमची टोमॅटोची शेती. त्या हंगामात दुकानदार समुद्री शेवाळाच्या अर्काची बाटली गळ्यात मारू लागला होता. फवारलं की फुटवे चांगले येतात म्हणे. भानुदासांना खात्री वाटेना. "गटाराचं शेवाळं बाटलीत भरत असत्याल," ते म्हणायचे. "डोळ्यानं बघितल्याबिगर मी न्हाई मारणार."

ठकूआत्या म्हणजे भानुदासांच्या वडिलांची धाकटी बहीण. तिचं सासर घोड नदीच्या खोऱ्यात, वरच्या अंगाला. डिंभ्याच्या धरणात ते गाव गेलं. नवरा त्याआधीच वारलेला, मुलगा पुण्यात नोकरीला, म्हणून ती आमच्याकडे आली. कामाला वाघीण, पण पाण्याचं नाव काढलं की गप्प व्हायची. आमच्या विहिरीचं पाणी पडतं त्या थारोळ्याजवळसुद्धा ती उभी राहत नसे. आम्ही निघतोय असं कळल्यावर ती म्हणाली, "मीबी येते." मी आश्चर्याने बघितलं तर म्हणाली, "समद्या नद्या तिकडंच जात्यात म्हनं. बघू तरी, जाऊन काय करत्यात."

कुंभार्लीच्या खाली

कराडपर्यंतच्या प्रवासात सांगण्याजोगं काही नाही. कुंभार्ली घाटात आत्याला वळणं सोसेनात. तीनदा भानुदासांना जीप थांबवावी लागली. भानुदास वैतागले. त्यातून टोमॅटोला पाणी द्यायची पाळी सोडून ते आलेले. "एका काडीसाठी एवढी पळापळ," असं ते बोलून गेले आणि मग खाली उतरेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

माझ्या कॉलेजातल्या एका बाईंचं माहेर गुहागरच्या बाजूला, अगदी समुद्रालगत. तिथे त्यांचे काका एकटेच असतात, सगळे त्यांना सदाकाका म्हणतात. नारळी-पोफळीची वाडी, शेणाने सारवलेलं अंगण आणि मागच्या दाराशी समुद्राचा आवाज. आमच्याकडे संध्याकाळी मोटारींचा आवाज थांबला की शांतता होते. इथे शांत असं काही होतच नाही. आत्या दोनदा दाराशी जाऊन आली. "रातभर असाच वरडतो का ह्यो?" तिने विचारलं. सदाकाका हसले. "वर्षाचे बारा महिने."

जेवायला तांदळाची भाकरी, तळलेले बांगडे आणि सोलकढी. बाजरीवर वाढलेल्या माणसाला तांदळाची भाकरी म्हणजे कापूस खाल्ल्यासारखं; भानुदासांनी पाच खाल्ल्या तरी पोट भरल्याचं कबूल करेनात. आत्याने सोलकढीच्या वाटीत डोकावून विचारलं, "ही प्यायची का रंग खेळायचा?" मग चव घेतली आणि वाटी पुन्हा पुढे केली.

जेवताना मी आमचं काम सांगितलं. सदाकाका म्हणाले, "थंडीत शेवाळ भरपूर असतं. पावसानंतर उगवतं, आता पार वाढलेलं असेल. उद्या सकाळी सातच्या सुमाराला पाणी मागे जाईल, खडप उघडं पडेल. पण एक सांगतो, अमावास्या नुकतीच झालीय. अशा दिवसांत पाणी जातं लांब आणि येतंही झपाट्यानं. ते फिरलं की तुम्हीपण फिरा. मी वाडीला पाण्याचं शिपणं आटोपून पेज करून ठेवतो."

खडप

खडप म्हणजे किनाऱ्यापासून समुद्रात शिरलेला काळा कातळ. भरतीला तो पाण्याखाली असतो, ओहोटीला मैदानासारखा उघडा पडतो. त्याच्या आणि वाळूच्या मध्ये एक घळ होती. आम्ही उतरलो तेव्हा घळीत घोट्याएवढं पाणी होतं. दगडावर पाय देत सहज पलीकडे गेलो. आत्याने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

खडपाच्या टोकाशी गेल्यावर मी थांबलेच. पायाखाली सगळीकडे शेवाळ पसरलेलं. गुळाच्या पाकासारखा रंग, ओलसर, चकाकणारं. पिकलेला गहू वाऱ्याने लोळावा तसं एकाच दिशेला आडवं पडलेलं. एकेक दांडा माझ्या हाताएवढा लांब. त्याला कातरलेल्या कडांची चिंचोळी पानं आणि पानांच्या बगलेत गोल गोल फुगे: काही ज्वारीच्या दाण्याएवढे, काही वाटाण्याएवढे. इतकी वर्षं मी जे फळ्यावर काढत होते ते असं पायाशी पडलेलं पाहून मी वाकून त्यावरून हात फिरवला.

भानुदास खाली बसले. शेतकऱ्याचा हात, तो आधी मुळाकडे गेला. त्यांनी एक दांडा ओढला. बराच जोर लावल्यावर तो निघाला. टोकाला बटणासारखी चपटी चकती.

"मुळी कुठंय हिची?"

"मुळी नसतेच. ती चकती म्हणजे नुसती पकड. दगडाला चिकटून राहण्यापुरती."

"मग खातं कुठनं?"

"सगळ्या अंगानं. पाण्यात विरघळलेलं असतं ते पानं आणि दांडे थेट शोषून घेतात."

भानुदासांनी दांडा उलटसुलट करून पाहिला. "म्हंजी जन्मभर फवारणीवरच जगतंय म्हना की."

कालपासूनचं पहिलं धड वाक्य. मला हसू आलं. त्यांनी एक फुगा अंगठ्याखाली दाबला. फट् असा बारीक आवाज झाला. "ह्यात काय असतंय?"

"हवा. बरीचशी आपल्या हवेसारखीच. पण ती बाहेरून कुणी भरत नाही. शेवाळच आतल्या आत तयार करतं."

"आन् कशापायी?"

"उन्हासाठी. हा दांडा मऊ. स्वतःच्या बळावर उभा राहू शकत नाही. तळाशी पडून राहिला तर ऊन पोचणार नाही. हे फुगे त्याला वर ओढून धरतात."

"आपण सुतळीनं टमाटू उभा करतो तसं."

"तसंच. फक्त इथे सुतळी बाहेरून बांधलेली नाही, अंगातलीच."

आत्या थोडी मागे, एका उंच दगडावर बसली होती. समुद्राकडे तोंड करून, गुडघे मिठीत घेऊन. मी दोन मोठे प्लॅस्टिकचे कॅन आणले होते, समुद्राचं पाणी आणि जिवंत शेवाळ न्यायला. एक भरला, दुसरा भरत आला तेव्हा मी एका खळग्याशी वाकले.

खळग्यातलं शेवाळ आडवं होतं. मी बघत असतानाच एक शेंडा हलला. मग दुसरा. कुणी झोपेतून मान उचलावी तशी एकेक फांदी सावकाश वर यायला लागली. फुगे पुढे आणि त्यांच्यामागून पानं. "अहो, इकडे या, बघा!" मी ओरडले. भानुदास आले. आम्ही दोघं वाकून पाहत राहिलो. आजवर जे फक्त वाचून दाखवलं होतं ते माझ्यासमोर घडत होतं. खळगा भरत होता आणि पीक उभं राहत होतं.

मग एकदम ध्यानात आलं. खळगा भरत होता म्हणजे पाणी फिरलं होतं.

मान वर केली तर खडपाच्या कडेचं सगळं शेवाळ उठलेलं. मघाशी जिथे काळा दगड होता तिथे तपकिरी शेंडे डुलत होते. "चला," मी म्हटलं. "आत्या, उठा, चला!"

भानुदासांनी कॅन उचलला, वळले, आणि त्यांचा पाय त्या बुळबुळीत पानांवरून निसटला.

पाणी

ते मागच्या मागे पडले. डावा पाय दोन कातळांमधल्या फटीत गेला, गुडघ्यापर्यंत. मी धावले, हात धरून ओढलं. त्यांनी किंचाळून हात झटकला. घोटा आत कुठेतरी वळून अडकला होता. वर ओढलं की गुडघा फटीच्या तोंडाशी रुतायचा.

फट तिरपी होती, समुद्राच्या बाजूला झुकलेली. पाय शिरला तेव्हा ते पाठीवर कोसळत होते. तसाच तिरपा तो बाहेर येणार, म्हणजे त्यांना पुन्हा मागे आडवं व्हायला हवं. पण त्यांच्या मागे कातळ संपून पुरुषभर खोल खड्डा होता. टेकायला काही नाही. मी आणि आत्याने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना मागे झुकवायचा प्रयत्न केला. भानुदास अंगाने भरलेले, आणि आमच्या पायांखाली शेवाळ. आम्ही दोघीही घसरलो, ते पुन्हा पायावर लोंबकळले. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"सोडा मला. आधी तुमी दोघी किनाऱ्याला जावा," ते म्हणाले. "माणसं घेऊन या."

मी आत्याला म्हटलं, "तुम्ही जा. सदाकाकांना हाक मारा. मी यांच्यापाशी थांबते."

आत्या गेली. मी किनाऱ्याकडे तोंड करून जीव तोडून ओरडत होते, पण वारा समोरून होता, आवाज परत माझ्याच तोंडावर येत होता. किनाऱ्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. नजर खाली आणली तर आत्या घळीच्या काठाशी उभी. पाणी तिच्या कमरेपर्यंत पोचलेलं आणि ओढ अशी की तिचं लुगडं एका बाजूला ताणलं जात होतं. ती एक पाऊल पुढे गेली, तोल गेला, दगडाला धरून कशीबशी मागे आली. तशीच भिजलेली ती आमच्यापाशी पोचली.

"बंद झाली वाट," ती म्हणाली.

"आत्या, त्या उंच दगडावर चढा. तिथे पाणी उशिरा येईल."

"न्हाई."

"ऐकत जा जरा!" भानुदास ओरडले. "तुला पवता येत न्हाई!"

आत्या त्यांच्या डोक्याशी बसली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "भानू, गावात पानी चढलं तवा मी दाराला कडी लावून निघाले. रोज एक पायरी बुडताना लांबनं बघितली. घराला सोडून आले, ते घर व्हतं. मानसाला सोडून मी जायाची न्हाई. काय करायचं ते सांग, पोरी. मी करते."

पोरी म्हणजे मी. मी मागे वाकून पाहिलं. मागचा खड्डा भरत होता. त्यातलं शेवाळ आता ताठ उभं राहिलं होतं, शेंडे पृष्ठभागाला लागलेले. पाणी भानुदासांच्या मांडीवर आलं. एक लाट आली, छातीपर्यंत भिजवून गेली. त्या लाटेबरोबर त्यांचं अंग क्षणभर उचललं गेलं आणि त्यांच्या तोंडून आवाज निघाला. दुखल्याचा नव्हता.

"काय झालं?"

"हलका झाला पाय. जरासा."

तेव्हा मला सुचलं. ज्या पाण्याला आम्ही भीत होतो तेच त्यांचं वजन घेणार होतं. खड्डा भरला की त्यांना मागे टेकायला जागा होणार होती. पण फार भरला तर फटीत पाय असतानाच तोंड पाण्याखाली जाणार. भानुदासांना विहिरीत पोहता येत होतं, पण अडकलेल्या पायाने आणि तसल्या वेदनेत पाठीवर तरंगत राहणं कुणालाच जमलं नसतं.

मी कॅन पाहिले. एक माझ्यापाशी, दुसरा भानुदासांच्या हातून सुटून कातळाच्या बेचक्यात अडकलेला. दोन्ही भरलेले. मी ते उपडे केले. गोळा केलेलं शेवाळ भसकन बाहेर पडून वाहून गेलं. झाकणं दातओठ खाऊन आवळली. कॅन जीपमध्ये बांधायला आणलेली नायलॉनची दोरी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती. बोटं गारठलेली, गाठ बसेना. आत्याने दोरी माझ्या हातातून घेतली आणि वासराला दावं बांधावं तसे दोन्ही काखांखाली एकेक कॅन बांधून छातीवर गाठ मारली.

"थांबायचं," मी म्हटलं. "मी सांगेपर्यंत ओढायचं नाही. पाणी छातीवर येऊ द्या."

"येडी झालीस का? अजून चढू द्यायचं?" भानुदास म्हणाले.

"होय. चढू द्यायचं."

त्यानंतरचा वेळ किती होता मला माहीत नाही. मी त्यांच्या डाव्या बाजूला कातळाला धरून उभी होते, आत्या उजव्या. पाणी माझ्या कमरेवर आलं. पायांभोवती शेवाळ गुंडाळलं जात होतं, उलगडत होतं. इतक्या भीतीतही एक गोष्ट मला दिसली आणि आजही दिसते: ऊन पाण्यात तिरपं उतरलेलं आणि आमच्या चहूबाजूंनी ते सोनेरी-तपकिरी रान उभं, हरेक फुग्यावर उजेडाचा एक ठिपका. लाट आली की सगळं रान एका बाजूला झुके, गेली की सरळ होई.

पाणी भानुदासांच्या छातीवर आलं. कॅन वर उचलले गेले, दोरी ताणली.

"आता मागे पडा," मी म्हटलं. "हळू. आम्ही धरलंय."

"खाली खड्डा हाय."

"पाणी आहे. झोपा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अंग सोडलं. एकदा नाकातोंडात पाणी गेलं, ते धडपडले. आत्याने हनुवटी वर धरली. कॅननी छाती तोलली. ते पाठीवर आडवे झाले, आणि मी पाण्यात डोकं घालून त्यांचा घोटा चाचपला. डोळ्यांत खार झोंबला. पाऊल आतल्या बाजूला वळलं होतं. मी टाच धरून ती फटीच्या दिशेला फिरवली. काहीतरी कडकन वाजल्यासारखं हाताला जाणवलं. पुढच्या लाटेबरोबर त्यांचं अंग मागे गेलं आणि पाय सरळ निसटून बाहेर आला.

मी वर आले तेव्हा भानुदास रडत होते. मीही.

मग आत्या ज्या दगडावर बसली होती त्यावर आम्ही त्यांना ओढून नेलं. तिथेही लाटा पोटऱ्यांना लागू लागल्या होत्या. आम्ही तिघं एकमेकांना धरून उभे राहिलो. भानुदास एका पायावर. आत्याने लुगड्याचा पदर सोडवून डोक्यावर धरला आणि फडकवत राहिली. काही वेळाने खडपाच्या वळणावरून एक होडी येताना दिसली. पुढे उभे असलेले सदाकाका, मागे वल्ही मारणारे दोघं कोळी. पेज निवली तरी पाहुणे आले नाहीत म्हणून ते बघायला बाहेर पडले होते.

 किनाऱ्याला लागल्यावर सदाकाकांनी माझ्याकडे पाहून हात जोडले, मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. "मी बरोबर यायला हवं होतं," एवढंच म्हणाले.

चिपळूण आणि न्हाणीघर

सदाकाकांनी गावातला टेंपो करून चिपळूणला दवाखान्यात नेलं. घोट्याचं हाड मोडलं होतं, प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत सुटला, पाय नीट जुळेल. भानुदास गोळीच्या गुंगीत पडले आणि मी बाहेरच्या बाकावर बसून पायांची वाळू झाडत राहिले.

संध्याकाळी परत आलो. सदाकाकांच्या न्हाणीत चुलीवर पाणी तापत होतं. अंघोळीला गेले तर माझ्या सलवारीच्या घडीत शेवाळाची एक फांदी अडकलेली. मी ती तशीच गरम पाण्याच्या बादलीत टाकली. आत्या दाराशी उभी होती. "अगं, ह्ये बघ," ती पुटपुटली.

तपकिरी फांदी आमच्या डोळ्यांदेखत हिरवी झाली. कोथिंबिरीसारखी हिरवीगार.

"त्याच्यात हिरवा रंग असतोच," मी सांगितलं. "वरून तपकिरी रंगाने झाकलेला. खोल पाण्यातला उजेड पकडायला तो तपकिरी रंग उपयोगी पडतो. गरम पाण्यानं त्याचा जोर जातो."

आत्याने फांदी हातावर घेतली. "येवढ्या पान्यात वाकून वाकूनबी तुटत न्हाई ह्ये. कसं काय?"

"ताठ नाही म्हणून. लाट येईल तिकडे जातं."

"आन् मग? मरतं कवा?"

"उन्हाळ्याच्या तोंडाला बरंचसं तुटून वाहून जातं. फुगे असतात म्हणून तरंगत कुठल्या कुठे जातं. पण दगडावरची चकती राहते. पाऊस सरला की तिच्यातूनच पुन्हा फुटतं."

 सकाळी उठून पाहते तर आत्या एकटी वाळूवर गेलेली. ओहोटी होती. लाटेने काठाशी आणून टाकलेलं ताजं शेवाळ ती निवडून पदरात घेत होती, शेपू निवडावी तसं. घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहून तिने कॅन भरला.

परत

आता जीप कोण नेणार हा प्रश्न होता. भानुदासांचा डावा पाय प्लास्टरमध्ये. सदाकाका चिपळूणहून ड्रायव्हर बघतो म्हणाले. मी म्हटलं, "नको. मी नेते."

माझे वडील एसटीत ड्रायव्हर, जुन्नर डेपोला. लग्नाआधी शिवनेरीच्या पायथ्याच्या मोकळ्या जागेत त्यांनी मला गाडी शिकवली होती, लायसनही काढून दिलं होतं. लग्नानंतर ते पेटीत पडलं. अवसरीच्या सुनेने जीप चालवायची पद्धत नव्हती, आणि मी कधी विषय काढला नव्हता. भानुदास म्हणाले, "घाट हाय पुढं." मी म्हटलं, "माहीत आहे."

कुंभार्लीच्या पहिल्या चढावर जीप बंद पडली आणि मागे सरकू लागली. मागे लाकडाचा ट्रक. हँडब्रेक ओढला, हात घामाने निसरडे. ट्रकवाल्याने कर्कश हॉर्न वाजवला. भानुदासांनी तोंड उघडलं, मला वाटलं आता ओरडणार. पण ते हळू म्हणाले, "क्लच आर्धा सोड. धर. आता ब्रेक." जीप सुटली. त्यानंतर माथा येईपर्यंत सगळी वळणं मी एकटीने काढली. आत्या मागे कॅन मांडीवर धरून बसली होती. झाकण सैल केलेलं, दर वळणाला पाणी तिच्या मांडीवर सांडत होतं. या खेपेला तिला एकदाही उलटी झाली नाही.

उन्हं कलताना अवसरी फाट्याला पोचलो. मी जीप कडेला घेतली.

"का थांबलीस?" भानुदासांनी विचारलं.

"इथून कुणाला बोलावू का चालवायला? गावात लोक बघतील."

त्यांनी प्लास्टरवर हात टेकला. मग म्हणाले, "पाय मोडलाय माझा, डोळं न्हाईत. कालपासनं सगळं बघितलंय म्या. चल."

मी गिअर टाकला. वेशीशी दुकानाच्या ओट्यावर नेहमीची मंडळी बसलेली. जीप ओळखून माना वळल्या आणि तशाच राहिल्या. घरापाशी पोचेपर्यंत मागून निम्मी आळी चालत आली होती. आत्या आधी उतरली, कॅन बायकांपुढे धरून झाकण काढलं. आत शेवाळ उभं होतं. बायका वाकून बघू लागल्या. एकीने बोट बुडवलं, दुसरी म्हणाली, "मिरीवानी लागलंय की गं ह्याला."

भानुदासांना दोघांनी हात देऊन उतरवलं. प्लास्टर बघून शेजारचे किसनभाऊ पुढे आले. "आरं, ह्ये काय झालं? आन् असा पाय घेऊन आलास कसा? कुणी आनलं तुला?"

भानुदासांनी कुबडी काखेत सावरली, माझ्याकडे बोट केलं.

"हिनं," ते म्हणाले. "समुद्रातनंबी आन् घाटातनंबी."